शिक्का बाजूला ठेवून बघायचं कसं, माझा रोजचा सराव

फोन वाजला, स्क्रीनवर "दादा" असं नाव आलं आणि उचलायच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला. तो अजून एक शब्दही बोलला नव्हता पण माझ्या डोक्यात त्याचा चढलेला आवाज, कपाळावरच्या आठ्या, "तुला किती वेळा सांगायचं" हे सगळं वाजून झालं होतं. उचलला तर तो विचारत होता, अगं खोकला कमी झाला का तुझा. मी उत्तर दिलं तेही तुटक, कारण मी त्याच्याशी बोलतच नव्हते, मी बोलत होते माझ्या डोक्यातल्या दादाशी, जो मी साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका भांडणात तयार केला आणि नंतर कधी अपडेटच केला नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून होते. ध्यानाला बसायला लागून तेव्हा चार वर्षं झाली होती, पहाटे उठून नियमाने बसायचे, वाचनही भरपूर, आणि तरी सख्ख्या भावाचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

त्या दिवसानंतर जे करायला लागले त्याबद्दल हे लिहितेय. नवीन काही नाही, साधना जुनीच आहे, फक्त "नाम-रूपाच्या पलीकडे बघा" असं सगळे सांगतात पण सकाळी उठल्यावर नेमकं काय करायचं हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी होतं काय ते बघू. समोर काही आलं की मन लगेच त्याला नाव देतं, नावामागून आठवण येते, आठवणीमागून चित्र, आणि चित्राबरोबर आवड किंवा नावड, हे सगळं इतकं झटपट होतं की आपल्याला वाटतं आपण ती वस्तूच बघतोय. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात (१.९) ह्यातल्या एका वृत्तीला, म्हणजे मनाच्या एका हालचालीला, विकल्प म्हटलंय, शब्दज्ञानानुपाती वस्तुशून्यो विकल्पः, म्हणजे शब्द ऐकला की त्याच्या पाठोपाठ उठणारी पण मागे वस्तूच नसलेली वृत्ती. पुढे १.४२ मध्ये ते म्हणतात की शब्द, अर्थ आणि ज्ञान हे तिन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं, आणि त्यावरच्या व्यासभाष्यात उदाहरण आहे गायीचं. "गाय" हा शब्द वेगळा, समोर उभी असलेली गाय वेगळी, आणि माझ्या मनात उमटलेलं गायीचं ज्ञान वेगळं, पण आपल्याला तिन्ही एकच वाटतात. मी हे कितीतरी वेळा वाचलं होतं. दादाच्या फोननंतर पहिल्यांदा कळलं की हे गायीबद्दल नाहीच, हे माझ्याबद्दल आहे.

आणि हे फक्त शास्त्रात लिहिलंय म्हणून नाही. १९३२ साली अमेरिकेत कारमायकल, होगन आणि वॉल्टर ह्या तिघांनी एक प्रयोग केला होता. लोकांना साध्या आकृत्या दाखवल्या, त्यातली एक म्हणजे दोन गोल आणि त्यांना जोडणारी रेघ, काहींना ती दाखवताना सांगितलं चष्मा आणि काहींना सांगितलं डंबेल. नंतर आठवून काढायला लावलं तर बऱ्याच जणांच्या चित्रात ती आकृती त्यांना दिलेल्या नावाकडे झुकली, चष्मेवाल्यांची चष्म्यासारखी आणि डंबेलवाल्यांची डंबेलसारखी. आकृती तीच होती. दोन गोल आणि एका रेघेचं असं होतं तर जिवंत माणसाला आपण "हट्टी" म्हटल्यावर आपल्या आठवणीत त्याचं काय होत असेल ह्याचा विचार करा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नावं ठेवणं बंद करायचं नाहीये. नावांशिवाय एक दिवसही निघणार नाही, रस्ता ओलांडताना "ट्रक" हा शिक्का पटकन बसलाच पाहिजे. आपल्याला फक्त एवढंच हवंय की शिक्का बसताना तो दिसावा, आणि हवा तेव्हा थोडा वेळ बाजूला ठेवता यावा.

सुरुवात स्वतःच्या हातापासून

माणसांपासून सुरुवात करू नका, मी केली होती आणि नुसता त्रास झाला. आधी अशी वस्तू घ्या जिच्याबद्दल मनात अढी नाही. हात सगळ्यात सोयीचा कारण तो कायम बरोबर असतो.

पाच मिनिटांचा टायमर लावा, मोबाईल उलटा ठेवा आणि तळहात उजेडात धरा. पहिल्या मिनिटात नुसती नावं येतील, बोटं, नखं, रेषा, तीळ. येऊ द्या. मग कॉमेंटरी सुरू होईल, त्वचा किती कोरडी झालीये, आईच्या हातासारखा दिसायला लागलाय, हे करून काय होणार आहे. तेही येऊ द्या, फक्त प्रत्येक वेळी परत डोळ्यांवर या, म्हणजे विचारावरून उठून जे दिसतंय त्यावर. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास कंटाळा येतो, जवळपास दरवेळी, आणि बहुतेक जण इथेच उठतात. पण हा कंटाळा म्हणजे मनाने लावलेली "हे बघून झालं" अशी पाटी आहे, त्याने खरं तर अजून बघितलेलंच नसतं.

मी त्या कंटाळ्यातून पहिल्यांदा पार गेले तेव्हा जे दिसलं ते अजून लक्षात आहे. अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथला रंग एक नव्हता, गुलाबी होता, मध्येच पिवळट, एका जागी निळसर झाक आणि त्यात पांढरे बारीक ठिपके, आणि बोट जरासं हललं की ते ठिपके सरकायचे, रक्त पुढे-मागे होत होतं. मनगटाजवळची कातडी नाडीबरोबर अगदी कणभर उचलली जात होती, खाली बसत होती. काही सेकंद "हात" असं काही तिथे नव्हतंच, नुसता रंग होता आणि हालचाल होती. मग मन म्हणालं, अरे वा, जमलं! आणि त्या "जमलं" बरोबर परत हात आला.

असंच होतं. ते टिकवायचा प्रयत्न करू नका, एवढं दिसलं की पहिला धडा झाला. आठवडाभर हेच करा, वाटल्यास हाताऐवजी पान घ्या, भिंतीवरची सावली घ्या, पाण्याचा ग्लास घ्या.

मग आवाज, मग शरीर

आवाजात नाव आणि वस्तू ह्यांच्यामधली फट सगळ्यात सहज सापडते. डोळे मिटा आणि जे ऐकू येईल ते ऐका. बाहेरून घरघर आली, लगेच मन म्हणेल गाडी, आणि लक्ष दिलंत तर मिटलेल्या डोळ्यांमागे गाडीचं चित्रही उमटलेलं दिसेल, कधी तर रंगासकट! कानाने ऐकली फक्त घरघर, चाकं आणि रंग आपण दिले. (काही लोकांना मनात चित्रं दिसतच नाहीत, त्याला अफँटेशिया म्हणतात, तुम्ही त्यातले असाल तर काही बिघडत नाही, तुम्हाला चित्राऐवजी नुसतं "गाडी आहे" असं माहीत झाल्यासारखं वाटेल, तेच पकडा.) पुढचा आवाज येईल तेव्हा तो सुरू होणं आणि नाव येणं ह्याच्यामधला क्षण पकडायचा प्रयत्न करा. सुरुवातीला नाव आधीच आलेलं असतं. दहा-बारा दिवसांत कधीतरी एखादा आवाज नावाशिवाय आत शिरतो आणि तो इतका ताजा असतो की दचकायला होतं.

शरीराचं जरा अवघड. बसल्यावर गुडघा दुखायला लागला की आपण म्हणतो दुखतंय, आणि "दुखतंय" म्हटलं की लगेच "अजून किती वेळ", "काही झालं तर नाही ना" ही सगळी वरात मागे येते. त्याऐवजी विचारा की ह्या "दुखतंय" मध्ये आहे काय नक्की. गरम आहे का? ताण आहे का? ठोका पडतोय का? त्याला कडा आहे का, आणि ती कडा एका जागी थांबते का? बऱ्याचदा दिसतं की एक घट्ट गोळा वाटत होता तो खरं तर चार वेगवेगळ्या सरकणाऱ्या गोष्टी आहेत. पण दुखणं खरोखरीचं असेल, वाढत असेल, रोज होत असेल तर पाय सोडा आणि डॉक्टरांना दाखवा, दुखापत म्हणजे लेबल नाही.

भावनांच्या बाबतीत मात्र आधी नाव द्या

हे उलटं वाटेल पण माझा अनुभव असाच आहे. राग, भीती, मत्सर ह्यात नाव न देता बसायला गेलं की आपण त्यातच वाहून जातो. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं होतं की भावना दाखवणाऱ्या चेहऱ्यांना शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-धोक्याशी जोडलेल्या भागाची, प्रतिक्रिया कमी होते. तेव्हा एकदा, एकदाच, साध्या शब्दात म्हणा, राग आहे. "त्याच्यामुळे राग आला" नाही, "मी आहेच रागीट" तर अजिबात नाही. नुसतं राग आहे. आणि मग तो शब्द सोडून खाली उतरा, जबडा आवळलाय, कानाच्या पाळ्या गरम आहेत, श्वास वरच्या वर चाललाय. तिथे राहा. गोष्ट परत सुरू झाली (आणि होतेच) की परत जबड्यावर या.

"राग आहे" आणि "मी रागीट आहे" ह्या दोन वाक्यांत केवढा फरक आहे! पहिलं थोड्या वेळाने खोटं ठरतं, राग गेला की संपलं. दुसरं वाक्य आपण वर्षानुवर्षं वागवतो आणि त्याला साजेसं वागतही जातो.

माणसं

आता मुख्य. ज्यांच्याबरोबर रोज राहतो ती माणसं आपल्याला सगळ्यात कमी दिसतात, कारण त्यांचं चित्र आपल्याकडे तयार असतं. एकदा मनात ग्रह झाला की समोरचा काय करतो ह्यातलं फक्त त्या ग्रहाला जुळणारं तेवढं नजरेत भरतं.

मी केलं ते असं. एक माणूस निवडला, सगळ्यात जास्त त्रास देणारा नाही, मधला. कागदावर त्याच्याबद्दलचे माझे सगळे शिक्के लिहिले, जसे येतील तसे, सभ्यपणा बाजूला ठेवून. मग प्रत्येकापुढे लिहिलं की हा शिक्का मी कधी मारला, कोणत्या प्रसंगात. इथे थांबून नीट आठवा, घाई करू नका, कारण बऱ्याच शिक्क्यांना प्रसंगच सापडत नाही, ते आपण दुसऱ्या कोणाकडून उचललेले असतात, आणि काहींचा प्रसंग एकच असतो, तोही वीस वर्षं जुना. कागद कोणाला दाखवू नका, फाडून टाका.

मग त्या माणसाशी पुढच्या वेळी बोलताना एकच काम, पहिली दोन मिनिटं फक्त ऐकायचं आणि आज ह्याच्यात मला आधी माहीत नसलेली एक गोष्ट सापडते का बघायचं. एकच. कौतुकाची असायला हवी असं नाही, आवाज बसलाय, वाक्य अर्धवट सोडतोय, सारखं घड्याळ बघतोय, काहीही. मनातल्या मनात त्याचं वर्णन करत बसू नका, त्यानेही बघणं बिघडतं. १९९० मध्ये स्कूलर आणि एंग्स्टलर-स्कूलर ह्यांनी दाखवलं होतं की एखादा चेहरा बघून त्याचं शब्दांत वर्णन करायला लावलं तर नंतर तोच चेहरा ओळखायला लोकांना उलट जास्त अवघड जातं. पुढे हे पुन्हा तपासलं गेलं तेव्हा वर्णन कधी करायला लावलं त्यानुसार परिणाम कमी-जास्त झाला, पण दिसला.

दादाच्या बाबतीत हे करायला मला बरेच महिने लागले, मधल्या माणसांवर सराव करून मग त्याच्याकडे आले. फोन वाजला, पोटात गोळा आलाच, तो अजूनही येतो. दोन रिंग जाऊ दिल्या, गोळ्याकडे बघितलं, उचलला. तो नेहमीसारखाच तोडून तोडून बोलत होता, ज्याला मी आजवर "तुसडेपणा" म्हणत आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं की दोन वाक्यांच्या मध्ये त्याला धाप लागतेय. विचारलं, दादा जिना चढतोयस का रे? म्हणाला, नाही गं, बसलोय. मग मी म्हटलं, एकदा तपासून घे. त्याने घेतलं. ती धाप किती दिवसांची होती ते मला माहीत नाही, मी ऐकतच नव्हते.

एक सांगायलाच हवं, कोणी तुम्हाला मारत असेल, धमकावत असेल, सतत अपमान करत असेल तर "हे माझ्याच मनातलं चित्र आहे" असं स्वतःला समजावत तिथे थांबू नका. आधी त्यातून बाहेर पडा, मदत घ्या. शिक्का बाजूला ठेवला की समोरचं जास्त स्पष्ट दिसायला हवं, आणि त्यात त्याचं वागणं वाईट आहे हेही स्पष्टच दिसतं.

आणि "मी"

स्वतःवरचे शिक्के सगळ्यात खोल. मी हुशार, मी बिचारी, मी सगळ्यांसाठी करणारी, मला कोणी समजून घेत नाही. ह्यातले चांगले वाटणारे सुटायला जास्त कठीण जातात.

एक साधा प्रयोग आहे तो करून बघा. स्वतःबद्दलचा एक टोचणारा शब्द घ्या, समजा "अपयशी", आणि तो मोठ्याने, पटापट, साधारण अर्धा-पाऊण मिनिट म्हणत राहा. अपयशी अपयशी अपयशी. थोड्या वेळाने अर्थ गळून पडतो आणि नुसता विचित्र आवाज उरतो, मानसशास्त्रात ह्याला सिमँटिक सॅटिएशन म्हणतात. अर्थ परत येतो, काळजी नको, पण तेवढ्या वेळात तुम्ही बघितलेलं असतं की जो शब्द छातीवर दगडासारखा बसला होता तो ओठांची हालचाल आणि हवा आहे. मग स्वतःचं नाव घेऊन तेच करा. मला रडू आलं होतं, दुःखाने नाही, इतकी वर्षं जे धरून ठेवलं होतं ते हातात किती हलकं आहे हे बघून.

ह्यानंतर शांत बसून विचारा, हे शिक्के कोणाला दिसतायत? आणि उत्तर शब्दात येऊ देऊ नका. "साक्षी", "आत्मा", "शुद्ध चैतन्य" असं काही आलं की ओळखा की अजून एक लेबल आलं, जरा भारी कागदावर छापलेलं. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात शब्दखंडन नावाचं आख्खं प्रकरणच आहे, आणि ते लिहिणारा माणूस शब्दांचा केवढा मोठा धनी, त्यालाही शब्दाची हद्द दाखवाविशी वाटली ह्याने मला फार धीर येतो.

साधनेतली चित्रं तर सगळ्यात गोड असतात. रामकृष्ण परमहंसांच्या चरित्रात त्यांचे अद्वैताचे गुरू तोतापुरी ह्यांच्याबरोबरचा प्रसंग आहे, बाकी सगळ्यातून मन काढता आलं पण कालीमातेचं रूप काही जाईना, तेव्हा तोतापुरींनी काचेचा तुकडा उचलून त्याचं टोक त्यांच्या दोन भुवयांच्या मध्ये टोचलं आणि म्हणाले इथे मन लाव, आणि शेवटी रामकृष्णांनी विवेकाची तलवार समजून त्या सगळ्यात प्रिय रूपाचेच दोन तुकडे केले. मला ह्यातलं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं, त्यांनी नंतर मातेची भक्ती सोडली नाही. रूप परत आलं, पूजा चालू राहिली. म्हणजे चित्र फेकून द्यायचं असं नाही. तुमचं जे आवडतं ध्यान असेल, ज्योत, मूर्ती, गुरूंचा चेहरा, ते चालू ठेवा, फक्त कधीतरी ते रूप विरू लागलं तर घाबरून ओढून परत आणू नका.

आता वेळेचं. सकाळी पाच मिनिटं वस्तू किंवा आवाज, दिवसात एक माणूस, रात्री झोपताना आज कुठला शिक्का मारताना स्वतःला पकडलं ते आठवायचं, एवढं पुरे. जास्त करू नका. दिवसभर "लेबल नको, लेबल नको" करत फिरलं की डोकं दुखतं आणि "मी लेबल न लावणारी" असं एक नवीनच लेबल तयार होतं, मी त्यात दोन-तीन महिने घालवलेत आणि त्या काळात घरच्यांना माझा वैताग आला होता.

कधी कधी सगळं खोटं-खोटं, काचेपलीकडचं, स्वतःचं शरीरही परकं वाटायला लागेल आणि त्याने भीती वाटेल. ती प्रगती समजू नका. सराव बंद करा, थंड पाण्याने तोंड धुवा, कोणाशी तरी बोला, हातांनी काहीतरी काम करा, आणि तसं वाटणं राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. खरा सराव उलट दिशेने नेतो, गोष्टी जवळ येतात.

आणि ज्या दिवशी काहीच दिसणार नाही, हात म्हणजे हात आणि घरघर म्हणजे गाडीच राहील, त्या दिवशी टायमर वाजेपर्यंत बसा आणि उठा. माझे निम्मे दिवस तसेच जातात.